अंगठा आमचा, सिम कुणाचे?



सातबाऱ्यावरचे एक नाव बदलायला काय काय लागते ते तुम्हाला सांगायला नको. अर्ज द्यायचा, तलाठ्याने फेरफार नोंदवायचा (सरकारने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे ठरवले आहे, आपल्या फेऱ्या तेवढ्याच राहिल्या), चावडीवर नोटीस लावायची, ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवायचे, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर करायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १५० वे कलम हे सांगते. या कलमाच्या आडून आपल्याकडून किती चहापाणी उकळले जाते तो वेगळा विषय. पण कायद्याचे तत्त्व सरळ आहे. एकाच्या नावावरचे दुसऱ्याच्या नावावर करायचे तर आधी पहिल्याला विचारा, त्याला हरकत घ्यायला वेळ द्या.

आता तुमचा मोबाईल नंबर दुसऱ्याच्या हातात जायला किती वेळ लागतो? एखादा भामटा दुकानात जातो, 'सिम हरवले' म्हणून सांगतो, तुमचे कागद पुढे करतो. दुकानदार सामील असला किंवा नुसता झोपेत असला तरी भागते. त्याच्या हातात नवे सिम येते आणि तुमच्या खिशातले मरते. नोटीस नाही, हरकत नाही, पंच नाहीत.

कोणी म्हणेल, शेतमालाच्या भावाचे सोडून संघटना मोबाईलच्या भानगडीत कशाला पडते? ज्याला असे वाटते त्याने गेल्या दोन वर्षांतला आपलाच कारभार आठवावा. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, त्याची केवायसी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने. राज्याने २०२५ पासून शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला, तोही आधार आणि मोबाईलच्याच आधारे. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर. आणि २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या अॅपवर आधी नोंदणी, मग तारीख, मग गाडी. ज्याचा नंबर बंद, त्याची गाडी जिनिंगच्या फाटकाबाहेर. त्याला मग खेडा खरेदीवाला व्यापारी म्हणेल तो भाव.

मी कोल्हापुरात बसून लिहितो आहे. हा उसाचा मुलूख. इथल्या ऊसवाल्याला बिल थकले तर जायला जागा आहे. कारखान्याला गेट आहे, गेटच्या आत चेअरमन आहे, गेटपुढे पाचशे माणूस बसले की बिलाची तारीख निघते. कोरडवाहू कापूसवाल्या-जोंधळेवाल्याचा पैसा मात्र तुकड्यातुकड्यांनी, दिल्ली-मुंबईहून, आधार आणि मोबाईलच्या वाटेने येतो. त्या वाटेवर बसलेल्या मोबाईल कंपनीला गेट नाही, चेअरमन दिसत नाही. आहे फक्त एक आवाज: 'मराठीसाठी दोन दाबा.' म्हणून हा प्रश्न बागायतदारापेक्षा कोरडवाहूवाल्याचा जास्त आहे, आणि म्हणून तो संघटनेचा आहे.

मोबाईलच्या वाटेवर दरोडा पडतो म्हणजे काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण भामट्यांचे नाही. ते देशातल्या एका सर्वांत मोठ्या मोबाईल कंपनीचे आहे, आणि सरकारी कागदोपत्री नोंदलेले आहे.

२०१७ सालची गोष्ट. त्या वर्षी ६ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने सिमकार्डांच्या पडताळणीबाबत एक आदेश दिला. २३ मार्चला दूरसंचार खात्याने त्याचा हवाला देत फर्मान काढले की प्रत्येक जुना नंबर आधारने पुन्हा तपासून घ्यावा. 'नंबर बंद होईल' या धाकाने गावोगावची माणसे रांगेत उभी राहिली आणि अंगठे देऊन आली. (पुढे एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयानेच सुनावणीत बोलून दाखवले की आधार जोडणे सक्तीचे करा असे आम्ही म्हटलेच नव्हते, आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती सक्ती गेली. तोवर अंगठे देऊन झाले होते.) या रांगांत एअरटेलच्या ग्राहकांनी सिमच्या पडताळणीसाठी अंगठा दिला, तेव्हा अनेकांच्या नावाने एअरटेल पेमेंट्स बँकेत खातीही उघडली गेली. संमती घेतली होती, असे कंपनीचे म्हणणे. आधार प्राधिकरणाला ते पटले नाही.

खाते उघडले तर बिघडले काय? इथे आधारची एक गोम आहे आणि ती प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. सरकारी अनुदान आधारवर येते, तेव्हा ते आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. तुमचे गावच्या बँकेत वीस वर्षांचे खाते असो, शेवटचे जोडले गेलेले खाते जिंकते. त्यामुळे गॅसचे अनुदान मुकाट्याने या नव्या खात्यांत जाऊ लागले. बायाबापड्या आपापल्या बँकेत जाऊन 'अनुदान का आले नाही' विचारत होत्या आणि बँकवाला खरेच सांगत होता की आमच्याकडे आलेले नाही. बोभाटा झाल्यावर बाहेर आलेला आकडा होता १९० कोटी रुपये आणि ३१ लाखांहून जास्त ग्राहक. पैसे मूळ खात्यांत परत करावे लागले. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची आणि तिच्या बँकेची आधार पडताळणीची परवानगी थांबवली. थांबवली म्हणजे किती? सिमच्या कामासाठी काही दिवसांतच अटी घालून ती परत दिली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंड केला.

आता हिशेब करू. ५ कोटी भागिले ३१ लाख. माणशी १६ रुपये. शेजाऱ्याच्या बांधावरून पेंढी उचलली तरी गावपंच याहून जास्त दंड लावतात. आणि हे १६ रुपयेही ज्या बाईचे अनुदान अडकले तिला मिळाले नाहीत. दंड रिझर्व्ह बँकेकडे. ग्राहकाची पडताळणी नीट केली नाही म्हणून दूरसंचार खाते कंपन्यांना जो दंड करते तो जातो दिल्लीच्या तिजोरीत. चोरी आमच्या घरी, वसुली सरकारच्या घरी. ही तऱ्हा आपल्याला नवी नाही.

मोठ्यांचे हे झाले. छोट्यांची तऱ्हा तुम्ही बाजाराच्या दिवशी पाहिलेलीच आहे. एसटी स्टँडसमोर रंगीत छत्री, खाली पोरगा, 'फुकट सिम, फुकट सिम'. अंगठा लावला की तो म्हणतो, 'काका, बरोबर लागला नाही, पुन्हा लावा.' आपल्या अंगठ्याला विळ्या-खुरप्याच्या चिरा, आपल्यालाही खरे वाटते. दुसऱ्यांदा लावलेल्या अंगठ्यावर दुसरे सिम निघते. ते तुमच्या नावावर, पण तुमच्या हातात येत नाही. ते विकले जाते आणि त्यावरून कुठल्यातरी शहरातल्या म्हाताऱ्याला 'पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक' म्हणून फोन जातो. म्हाताऱ्याने तक्रार केली की तपासाचा पहिला कागद निघतो तो सिम ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर. म्हणजे तुमच्या.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर केंद्र सरकारचेच आकडे घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये दूरसंचार मंत्र्यांनी सांगितले की अवघ्या काही महिन्यांत ५२ लाख बनावट जोडण्या बंद केल्या, ६७ हजार सिम विक्रेते काळ्या यादीत टाकले आणि गुन्हे दाखल झाले ३००. पुन्हा वाचा. ६७ हजार विक्रेते, ३०० गुन्हे. त्यानंतर विक्रेत्याची पोलीस पडताळणी सक्तीची झाली, एकगठ्ठा सिम देणे बंद झाले. चांगले झाले. पण हे ६७ हजार काय आभाळातून पडले होते? त्यांना कंपन्यांनीच नेमले होते, महिन्याला इतकी सिम विकलीच पाहिजेत म्हणून त्यांच्या मागे लागणारा माणूसही कंपनीचाच. छत्रीखालचे पोर काळ्या यादीत गेले. छत्रीवर ज्याचे नाव छापले होते तो कुठल्याच यादीत नाही.

आता दुसऱ्या सिमचा, म्हणजे तुमचा चालता नंबर पळवण्याचा प्रकार. यात एक बारीक गोष्ट आहे, ती न समजल्यामुळे माणसे बुडतात. दूरसंचार खात्याचा दंडक असा की सिम बदलले तर नव्या सिमवर २४ तास एसएमएस चालू करायचे नाहीत. हेतू उघड आहे. सिम भामट्याने काढले असेल तर पहिले २४ तास त्याला ओटीपी मिळू नये आणि खऱ्या मालकाला बोंब मारायला वेळ मिळावा. फेरफाराला पंधरा दिवस, इथे एक दिवस. बरे, एक दिवस तर एक दिवस. या एका दिवसाचे कंपन्या काय करतात ते ऐका.

जत भागातला एक शाळूवाला, संघटनेचा जुना माणूस. एका शुक्रवारी दुपारी त्याच्या फोनची रेंज गेली. खेड्यात रेंज जाणे ही बातमी नव्हे. लाईट गेली की टॉवर जातो. संध्याकाळी शेजाऱ्याचा त्याच कंपनीचा फोन वाजला तेव्हा त्याला शंका आली. शेजाऱ्याच्या फोनवरून त्याने कंपनीच्या तक्रार केंद्राला लावले. बराच वेळ गाणे ऐकवून पलीकडची मुलगी म्हणाली, 'तुमची खात्री करण्यासाठी तुमच्या नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवला आहे, तो सांगा.' अहो बाई, तो नंबरच तर मेला आहे! 'मग सर, जवळच्या दुकानात जा.' शनिवारी सकाळी तालुक्याच्या दुकानात गेला. बोर्ड कंपनीचा, आतला माणूस म्हणे आमच्याकडे फक्त रिचार्ज आणि नवे सिम होते, बंद करायचा अधिकार नाही, कंपनीच्या स्वतःच्या शोरूमला जा. तिथून मला फोन आला आणि तो इकडे आला. आम्ही दोघे शोरूममध्ये उभे राहिलो. काउंटरवरच्या पोराने संगणकात पाहून थंडपणे सांगितले, 'काल दुपारी तुम्हीच सिम बदलून घेतलंय.' कुठल्या दुकानातून? 'ते दिसत नाही.' कुणाचा फोटो लागला आहे? 'ते दाखवता येत नाही.' मग आधी नंबर बंद कर. 'टोकन घ्या.' नंबर बंद झाला तेव्हा शाळूवाल्याने पहिली तक्रार करून बावीस तास लोटले होते. त्यातल्या शेवटच्या दोन-तीन तासांत त्याच्या खात्यातून चाळीस हजार गेले होते. कंपनीचे नाव मी छापत नाही, प्रकरण चालू आहे. नाव कोणतेही असो, तो आवाज आणि ते टोकन तुम्ही ओळखाल.

माझे म्हणणे एवढेच आहे की याला 'सेवा चांगली नाही' म्हणू नका. हॉटेलातला चहा गार मिळाला तर सेवा चांगली नाही म्हणावे. इथे कायद्याने चोर आणि तिजोरी यांच्यामध्ये एक दिवसाची भिंत घातली होती, आणि ती भिंत कंपनीच्या काउंटरवर वाट बघण्यात विरघळली. टोकन, 'साहेब जेवायला गेलेत', 'त्याच नंबरवरून फोन करा' ही सगळी त्या चोरीचीच अवजारे आहेत. चोराला सिम देणारे दुकान तीच कंपनी चालवते आणि चोरीची तक्रार न घेणारे काउंटरही तीच.

यावर सरकारचे आणि कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: ग्राहकाने सावध राहावे. २०२४-२५ मध्ये कुठेही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांचा आवाज आपल्याला सावधगिरी शिकवत असे. विहिरीत माणूस पडल्याचे सांगायला फोन लावला तरी आधी उपदेश. लोक वैतागले, २०२५ मध्ये तो बंद झाला. सावध राहावे हे खरेच, ओटीपी कुणाला सांगू नये हेही खरे. पण जिथे ओटीपी माझ्यापर्यंत पोचलाच नाही, कारण नंबरच तुम्ही दुसऱ्याला दिला, तिथे मी सावध राहून काय करू? फोन उशाला घेऊन झोपू?

हे उत्तर ऐकले की मला बियाणे कंपन्या आठवतात. शेती शिकून आल्यावर उगवण न झालेल्या बियाण्याच्या बऱ्याच तक्रारींत मी शेतात उभा राहिलो आहे. कंपनीचा माणूस येणार आणि म्हणणार: पेरणी खोल झाली, ओल नव्हती, जमीनच चोपण आहे. दोष शेतकऱ्यात, दोष पावसात, दोष मातीत, फक्त पिशवीत नाही. कोर्टात गेले की म्हणणार, हे शेतकरी ग्राहक नव्हेतच, बियाणे कायद्याखाली जावे. १६ जानेवारी २०१२ ला राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फाटा बंद केला. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि ग्राहक मंचात दाद मागू शकतो, असे स्पष्ट सांगितले. टॅग, पिशवी आणि बिल जपून ठेवलेल्या शेतकऱ्याला तेव्हापासून उभे राहायला जागा मिळाली.

मोबाईलवाल्यांनी असाच फाटा काढून ठेवला होता आणि तो जास्त काळ टिकला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाने ठरले की टेलिफोनची तक्रार १८८५ च्या तार कायद्याखाली लवादाकडे न्यावी, ग्राहक मंचाकडे नाही. इंग्रजाने तारायंत्रासाठी केलेला कायदा! त्याच्या आड बारा वर्षांहून जास्त काळ कंपन्या बसल्या. अहमदाबादच्या एका ग्राहकाला व्होडाफोनने एका महिन्याचे सुमारे २४,६०० रुपये बिल लावले होते. तो २०१४ मध्ये ग्राहक मंचात गेला. तुमचा मंचाशी संबंध काय, हाच वाद कंपनीने दिल्लीपर्यंत नेला. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मोबाईल कंपनीची सेवा ही ग्राहक कायद्यातली सेवाच आहे आणि ग्राहक आयोगाला तिची तक्रार ऐकता येते. ही तारीख लिहून ठेवा. उद्या एखादा वकील किंवा कंपनीचा माणूस म्हणाला की मोबाईलची केस ग्राहक आयोगात चालत नाही, तर त्याचे ज्ञान २०२२ च्या आधीचे आहे.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने आणखी एक गोष्ट दिली, ती आपल्या फार उपयोगाची. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय गुडगावला असो की मुंबईला. लहान रकमेच्या दाव्याला, म्हणजे दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर, फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची. उच्च न्यायालयाचे बेंच कोल्हापूरला यावे म्हणून सहा जिल्ह्यांनी कित्येक दशके मोर्चे काढले, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झाले. ग्राहक आयोग तर जिल्ह्याच्या गावी केव्हापासून बसला आहे, आपणच त्याच्या पायऱ्या चढत नाही.

त्याआधी कंपनीची स्वतःची तक्रार व्यवस्था आहे. २०१२ च्या नियमांनी प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचे बंधन घातले. निकाल पटला नाही तर तीस दिवसांत अपील, अपिलाला फी नाही, ३९ दिवसांत निर्णय. कागदावर छान. अपील कुणाकडे? कंपनीनेच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. अडत्यानेच काटा मारायचा आणि काटा बरोबर आहे का ते अडत्यानेच तपासायचे. त्यावरचे ट्राय नावाचे नियामक मंडळ सांगते की एकेकट्या ग्राहकाची तक्रार आम्ही हाताळत नाही. बाजार समितीचा सचिव म्हणतो तसे: मी धोरण पाहतो, तुझे पोते नाही. तरी हे दार वाजवाच, कारण तक्रार क्रमांक आणि तारीख हाच पुढे आयोगात तुमचा टॅग आणि पिशवी आहे.

इथे बँकांशी तुलना करा. बँकांबद्दल आपल्याला प्रेम असायचे कारण नाही. पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितले, तर त्याच्यावर काहीही बोजा नाही. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. त्याच वर्षी डिसेंबरात हाच नियम सहकारी बँकांना लावला. म्हणजे गावच्या जिल्हा बँकेच्या शाखेलाही तो सांगता येतो. मोबाईल कंपनीवर असे ओझे कुणी टाकले आहे? २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या ४२ व्या कलमाने फसवून किंवा तोतयेगिरी करून सिम घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड ठेवला, जून २०२४ पासून ते लागूही झाले. सिम घेणारा सापडला तर सापडला. देणाऱ्याने लुटलेल्या माणसाला किती दिवसांत, किती भरपाई द्यायची, यावर मौन.

संघटना खुल्या बाजाराची बाजू घेणारी आहे आणि ती सोडायचे कारण नाही. सरकारी टेलिफोनचा काळ आपण पाहिला आहे. ट्रंक कॉल लावून दिवसभर पोस्टात बसणे, फोनच्या अर्जावर वर्षे काढणे. १९९५ नंतर खासगी कंपन्या आल्या म्हणून शेतातल्या माणसाच्या खिशात फोन आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खुल्या बाजारात माप खरे असावे लागते आणि नुकसान करणाऱ्याला ते भरून द्यावे लागते. कापसात कवडी निघाली तर व्यापारी क्विंटलमागे किती कापतो? मग सिम चुकीच्या माणसाला दिले तर कंपनीचेही कापले गेले पाहिजे, आणि ते दिल्लीच्या तिजोरीत न जाता ज्याचे गेले त्याच्या खात्यात आले पाहिजे. मागणी एवढीच की बँकेला जे ओझे, तेच मोबाईल कंपनीला. आणि कंपनीचा बोर्ड लावणाऱ्या प्रत्येक दुकानात, तालुक्याच्या गावातसुद्धा, नंबर तिथल्या तिथे गोठवायचा अधिकार. सिम विकायचा अधिकार आहे, तर थांबवायचा का नाही?

नंबर जायची आणखी एक वाट आहे, तीत भामटाही लागत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, २८ दिवसांचे रिचार्ज वर्षातून तेरा वेळा. जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून उन्हाळ्यात फोन बंद ठेवणारी घरे मी पाहतो आहे. नव्वद दिवस वापर नाही आणि खात्यात शिल्लकही नाही, की नंबर काढून घेता येतो आणि पुढे काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. तुमच्या बँकेत आणि आधारला मात्र तोच लागलेला. म्हणून मृगाआधी घरातला प्रत्येक नंबर चालू आहे का ते पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नुसते बोलणे आणि एसएमएस एवढेच असलेले पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडले आहे. दुकानदार आपणहून सांगणार नाही, मागून घ्या.

रेंज गेली आणि शेजारच्या त्याच कंपनीच्या फोनला ती आहे, असे दिसले तर तासभरही थांबू नका. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून खाते गोठवा, पैसे गेलेले असतील तर १९३० वर नोंद करा, मग कंपनी. पोलीस हद्दीचे कारण सांगून परत पाठवू लागले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगा. हद्द कुठलीही असो, खबर लिहून घ्यावीच लागते. सिमच्या दुकानात दुसरा अंगठा मागितला तर पहिल्याचे काय झाले ते विचारा.

आपल्या नावावर किती नंबर आहेत ते केंद्राच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर फुकट दिसते. मोबाईल नंबर टाकून ओटीपी दिला की यादी येते, त्यातला परका नंबर 'माझा नाही' म्हणून तिथेच नोंदवता येतो. आधारला शेवटचे कोणते बँक खाते जोडले आहे तेही आधारच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या बँकेत कळते. या जिल्हा बैठकीत हे काम भाषणांच्या आधी होईल. कृषी महाविद्यालयातली चार-पाच पोरे लॅपटॉप घेऊन बसणार आहेत. येताना चालू फोन, आधार आणि बँकेचे पासबुक आणा. ज्यांचा नंबर किंवा पैसा गेला आहे त्यांनी तक्रार क्रमांक, कंपनीचे आलेले एसएमएस आणि तारखा एका कागदावर लिहून आणाव्यात. ग्राहक आयोगात एकाच दिवशी जितक्या तक्रारी दाखल करता येतील तितक्या करायच्या आहेत, आणि कागद पुरे नसले तर ते तिथेच बसून पुरे करू.